झाकलेला रंग

बर्नहॅमला ओहोटी अशी लागते
जणू नदीला काहीतरी आठवलं आणि ती उठून आत गेली.
मागे चिखल, मैलभर, तुकतुकीत,
त्यावर तुतवारांची बारीक, घाईची अक्षरं.

माझं काम साधं आहे.
ड्रेजरपासून दोनशे मीटरवर होडीत बसायचं,
पाण्यात तार सोडायची,
गढूळपणाचा आकडा वहीत उतरवायचा.
आकडा रेषेवर गेला तर वायरलेसवर सांगायचं: थांबा.
आज सकाळपासून मी तीनदा सांगितलं.
दोनदा ते थांबले.

प्रायरच्या जुन्या यार्डासमोर
शिडाच्या बोटींना पाणी कमी पडतं,
म्हणून पोलादी पंजा खाली जातो
आणि गाळ वर आणतो.
वरचा तपकिरी,
हातभर खालचा काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा,
आणि त्या काळ्यात कुठे कुठे
लाल पापुद्रे, नखाएवढे.

तो लाल लेस्टर प्रायरला लांबूनही ओळखू येतो.
सोळाव्या वर्षी त्यानंच फासला होता,
बापाच्या यार्डात, दर मार्चमध्ये, दिवसाला दोन बोटी,
बुडाला शेवाळ धरू नये म्हणून.
"फार छान रंग होता," तो म्हणतो,
"काही म्हणजे काही चिकटायचं नाही."
मग टोपी काढतो, परत घालतो.
"काहीच."

त्या वर्षांत इथल्या शंखांच्या माद्यांना
नराचं अंग फुटत गेलं.
अंडी आतच अडकली, माद्या अंड्यांसकट मेल्या.
कालवांचे शिंपले विटेसारखे जाड झाले,
आत जिवाला जागाच उरेना.
मग बंदी आली. डबे गेले. यार्ड विकलं गेलं.
रंगाला नदीनंच मूठमाती दिली,
वर्षाला जेमतेम बोटभर.
शंख परतले, हळूहळू.
लेस्टरनं खालच्या अंगाला कालवांची पट्टी भाड्यानं घेतली
आणि बापाचं नाव पाटीवरून काढलं नाही.

आमच्या घरी भांडण झालं की आई म्हणायची,
निवळू दे.
आम्ही निवळू द्यायचो.
वरचं पाणी स्वच्छ दिसायचं,
तळाला पाय लागणार नाही एवढ्या बेतानं
आम्ही वर्षानुवर्षं पोहलो.

दुपारी होडीच्या कडेला एक वाम वर आली.
तोंड पाण्याबाहेर, उघडं, मिटलेलं, उघडं.
काळा गाळ वर आला की आधी पाण्यातला श्वास खातो,
विष त्याच्या मागून येतं.
प्राणवायू: एक पूर्णांक नऊ. मी लिहिलं.
चिखलातल्या अळ्या बिळं सोडून उघड्यावर आल्या,
कुरवांना वाटलं सण आहे.

आणि कालव?
गढूळ आलं की कालव मिटून घेतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात आमच्याकडे.
पण मुठीला श्वास लागत नाही.
एक दिवस, दोन दिवस, फार तर आठवडा,
मग उघडावंच लागतं,
आणि बाहेर जे असेल ते आत घ्यावं लागतं.

मी लेस्टरला विचारलं, तसंच पडू द्यायला हवं होतं का?
तो म्हणाला, मागच्या हिवाळ्यातल्या वादळानं
बांधाखालचा अर्धा तळ खरवडून नेला,
त्यानं कुणाचा परवाना काढला होता?
मग म्हणाला, तरी पण.
वाक्य तिथंच राहिलं.

संध्याकाळी परवान्याच्या कागदावर
'शेरा' नावाचा रकाना असतो, दोन ओळींचा.
त्यात काय मावणार.
मी गढूळपणाची सरासरी लिहिली.
सरासरी रेषेच्या खाली होती.
सही केली.

पलीकडे लेस्टर गुडघाभर चिखलात,
टोपलीतली कालवं दोन-दोन घेऊन एकमेकांवर आपटतोय.
दगडासारखं वाजलं तर जिवंत,
पोकळ वाजलं तर गेलेलं.
मी पाठ फिरवून तार गुंडाळते.
टक्.
टक्.
टक्.
मग एक, वेगळा.